मागचा जिना

ज्या घरापासून ही हकिकत सांगायची, ते घर आज जागेवर नाही. ऑक्सफर्डशरमध्ये कोलशिल नावाचं गाव आहे. पूर्वी ते बर्कशरमध्ये मोडायचं. तिथे सतराव्या शतकाच्या मध्यावर बांधलेला कोलशिल हाउस हा वाडा १९५२ साली डागडुजी चालू असताना आगीत सापडला आणि १९५८ मध्ये त्याच्या उरल्यासुरल्या भिंतीही पाडल्या गेल्या. जुन्या छायाचित्रांत मात्र तो नीट दिसतो. एका ओळीत नऊ खिडक्या, उतरतं छप्पर, छपरावर उंच धुराडी, मधोमध काचेची मेघडंबरी. दारातून आत पाऊल टाकलं की दोन्ही बाजूंनी चढत जाऊन वरच्या सज्जाशी एकत्र येणारा दुहेरी जिना. वास्तुकलेवर लिहिणारे या जिन्यावर पानंच्या पानं खर्ची घालतात, आणि ते रास्तच आहे. पण पुढच्या अडीचशे वर्षांच्या इंग्लिश वाड्यांनी कोलशिलकडून जे उचललं, ते घराच्या दोन टोकांना होतं. भिंतींच्या आड, तळघरापासून पोटमाळ्यापर्यंत गेलेले दोन अरुंद, बिनकोरीव जिने. पाहुण्यांना दिसू नयेत अशाच बेताने ते बसवले होते.

मागचा जिना ही काही जन्मापासून इंग्लिश वाड्यात असलेली वस्तू नव्हे. त्याआधीची तीन-चारशे वर्षं त्याची गरजच कुणाला वाटली नव्हती.

केंट परगण्यातलं पेन्सहर्स्ट प्लेस पाहावं. लंडनचा गबर व्यापारी आणि चार वेळा तिथला महापौर झालेला सर जॉन डी पुल्टनी यानं १३४१ च्या सुमारास ते उभारलं. त्याचा ‘ग्रेट हॉल’ अजून शाबूत आहे. चेस्टनटच्या लाकडाचं, जमिनीपासून सुमारे साठ फूट उंच गेलेलं छत. आणि खाली फरशीच्या मधोमध अष्टकोनी चूल. धुराडं नाहीच. धूर वर जायचा, छपराशी घोटाळायचा आणि जमेल तसा बाहेर पडायचा. हॉलच्या एका टोकाला उंचवटा, त्यावर मालकाचं मेज. दुसऱ्या टोकाला लाकडी आडोसा, आणि त्याच्यामागे पेयांच्या कोठीकडे, पावाच्या कोठीकडे आणि मुदपाकखान्याकडे जाणारी दारं. या दोन टोकांच्या मध्ये सगळं घर जेवायचं. मालक, त्याचे नातलग, कारभारी, शिपाई, मोतद्दार, वाटसरू. पंगतीला मान असायचा आणि पंगतीत उतरंडही असायची, पण पंगत एकच होती. रात्री त्याच हॉलमध्ये गवताच्या गाद्या टाकून निम्मं घर झोपायचं.

त्या काळचा चाकर म्हणजे तोंड लपवून वावरणारा माणूस, अशी कल्पना केली तर चूक होईल. मोठ्या घरातले बहुतेक नोकर पुरुष असत आणि वरच्या जागांवर चांगल्या घराण्यांतली मुलं असत. मुलाला वळण लागावं, ओळखी व्हाव्यात म्हणून त्याला एखाद्या बड्या सरदाराकडे हुजऱ्या म्हणून धाडायची रीत होती. पुढे इंग्लंडचा चॅन्सलर झालेला टॉमस मोर लहानपणी आर्चबिशप मॉर्टनच्या वाड्यात असाच वाढला. ताट वाढणं, हात धुवायला पाणी देणं, मालकाच्या मागे उभं राहणं यात लाज नव्हती. उलट मालकाच्या मागे माणसं किती, यावरच त्याचा मोठेपणा ठरायचा. अशा घरात नोकर लपवून ठेवणं म्हणजे तिजोरी घराबाहेर ठेवण्यासारखंच झालं असतं.

तरीही मालकाचे पाय हॉलमधून हळूहळू निघू लागले होते. चौदाव्या शतकातच लँगलंड या कवीनं ‘पिअर्स प्लाउमन’मध्ये तक्रार करून ठेवली आहे की हल्ली धनी-धनीणबाई हॉल सोडून आतल्या खोलीत जेवायला बसतात आणि गोरगरिबांना टाळतात. तेव्हापासून मालक वर सरकत राहिला आणि त्याच्यामागोमाग जेवणही.

हे जेवण किती वर गेलं ते डर्बीशरच्या हार्डविक हॉलमध्ये कळतं. चार लग्नं करून प्रत्येक लग्नागणिक श्रीमंत होत गेलेली श्रूजबरीची काउंटेस एलिझाबेथ टॅल्बट, म्हणजेच हार्डविकची बेस, हिनं साठी ओलांडल्यावर १५९० मध्ये हे घर बांधायला काढलं आणि १५९७ मध्ये ती राहायला गेली. रचनाकार रॉबर्ट स्मिथसन. टेकडीवरचं हे घर लांबून पाहिलं की भिंतींपेक्षा काचच जास्त दिसते, आणि सहाही मनोऱ्यांच्या माथ्यावर बाईंच्या नावाची आद्याक्षरं दगडात कोरलेली आहेत. इंग्लंडमध्ये आपलं नाव आभाळावर लिहिण्याची हौस इतक्या उघडपणे दुसऱ्या कुणी केली असेल असं मला वाटत नाही. पण आपल्या कामाचं आहे ते आतलं. हॉल तळमजल्यावर आहे आणि तो आता नोकरांचा झाला आहे. मुख्य भोजनदालन थेट वरच्या मजल्यावर. तळातल्या मुदपाकखान्यातून निघालेलं जेवण हॉलमधून मिरवत, मग रुंद दगडी जिन्यानं वळणं घेत घेत वर जायचं. पुढे चोपदार, मागे थाळ्या घेतलेले लोक, वाटेतल्या प्रत्येकानं उठून उभं राहायचं. मोठ्या घरांच्या तेव्हाच्या रिवाजानुसार मालकाच्या रिकाम्या आसनालासुद्धा लवून मुजरा करायचा. वर पोचेपर्यंत मटण गार झालं असणार. त्याची फिकीर कुणालाच नव्हती. जिना एकच होता आणि त्या जिन्यावर नोकर ही शोभेची गोष्ट होती.

झोपायच्या वेळीही माणसं अशीच एकमेकांत असत. मालकाच्या पलंगाखालून चाकांचा छोटा पलंग ओढून त्यावर हुजऱ्या झोपायचा, बाईंच्या दाराशी गादी टाकून दासी. खोल्या एकातून एक उघडणाऱ्या. वेगळी वाट नाही. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत माजघरातून माजघरात जावं तसं एका खोलीतून दुसरीत जायचं, आणि मधल्या खोलीत कोण काय करत आहे याचा संकोच करायचा नाही.

मग बदललं काय? एक तर माणसं कमी झाली. सोळाव्या-सतराव्या शतकात सरदारांनी पदरी फौजफाटा बाळगण्याचे दिवस सरले. घराण्यांतल्या मुलांना विद्यापीठं आणि लंडनच्या कायदाशाळा जास्त फायद्याची वाटू लागली. नोकरीत उरली ती खालच्या थरातली माणसं, आणि त्यांत बायकांचं प्रमाण वाढत गेलं. ज्याला पाहून पाहुण्यावर छाप पडेल असा नोकर राहिला नाही, तेव्हा त्याला दाखवण्यातही राम राहिला नाही. दुसरी गोष्ट इटलीहून आली. आंद्रेआ पाल्लादिओनं १५७० च्या आपल्या ग्रंथात सांगितलं होतं की ईश्वरानं शरीराचे सुंदर अवयव दिसतील असे ठेवले आणि ओंगळ पण आवश्यक अवयव झाकले, तसंच घराचं करावं: कोठारं, मुदपाकखाने, सरपण, नोकरांच्या जागा खाली आणि नजरेआड. इनिगो जोन्सनं १६१३-१४ मध्ये इटलीची वारी करून पाल्लादिओ इंग्लंडात रुजवला.

आणि मग आला रॉजर प्रॅट. हा धंद्यानं वास्तुकार नव्हता. खाऊनपिऊन सुखी घरातला, शिकलेला गृहस्थ. यादवी युद्धाच्या धुमाळीतून बाजूला होऊन त्यानं १६४३ ते १६४९ ही वर्षं फ्रान्स, इटली, नेदरलँड्स अशी भटकंतीत घालवली. रोममध्ये तो रोजनिशीकार जॉन एव्हलिनच्या बिऱ्हाडात राहिला. परतल्यावर चुलतभाऊ सर जॉर्ज प्रॅटसाठी कोलशिल बांधण्यात त्यानं लक्ष घातलं. उभ्या हयातीत त्यानं जेमतेम पाचेक घरं केली. पण तो टिपणं ठेवायचा, आणि त्या टिपणांत एक गोष्ट ठासून आहे: घराची आखणीच अशी हवी की सामान्य नोकर जाता-येता कधी उघड्यावर दिसताच कामा नये.

कोलशिलची आखणी म्हणजे हे एक वाक्य भिंतींत बांधून काढलेलं आहे. घर दोन खोल्या खोल, आणि मधून या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक मजल्यावर सरळ बोळ. म्हणजे कुठल्याही खोलीत दुसरी खोली न ओलांडता जाता येणार. बोळाच्या दोन्ही टोकांना मागचे जिने. मुदपाकखाना अर्ध्या जमिनीत गाडलेल्या तळमजल्यावर आणि तिथेच नोकरांसाठी वेगळं जेवणघर. इंग्लंडातल्या अशा पहिल्यावहिल्या जेवणघरांपैकी हे एक. पेन्सहर्स्टपासून चालत आलेली पंगत इथे मोडली. ग्रेट हॉलचं काम आता काय उरलं? पाहुण्याचं डोकं फिरवणारा जिना मांडायचा आणि टोप्या काढून ठेवायच्या.

पण मागच्या जिन्याची खरी निकड तत्त्वज्ञानात शोधू नये. ती पलंगाखालच्या भांड्यात आहे. प्रत्येक शयनगृहात रात्रीचं भांडं असायचं, किंवा आसनाखाली बसवलेली पेटी. सकाळी ते कुणीतरी झाकून खाली न्यायचं. जिना एकच असला तर न्याहारीला उतरणारे मालक आणि त्यांचंच कालचं भांडं यांची गाठ पायरीवर पडायची. मार्क जिरूआर्ड या इतिहासकारानं १९७८ साली इंग्लिश वाड्यांतल्या जगण्यावर जे पुस्तक लिहिलं, त्यात मागच्या जिन्याचा हाच उपयोग त्यानं मिस्कीलपणे सर्वांत वर ठेवला आहे. वर जाणारं सामानही थोडं नव्हतं. कोळसा, सरपण, गरम पाण्याच्या बादल्या, धुतलेल्या चादरी, आजारी माणसाचं कांजी-सूप. खाली येणारं: राख, उष्टं, मळकं पाणी, मेणबत्त्यांची टोकं. अठराव्या शतकात खोलीगणिक शेकोट्या वाढल्या, एकोणिसाव्या शतकात शेकोटीपुढे पत्र्याचा टब ठेवून अंघोळी वाढल्या, आणि तो सगळा भार या दीड-दोन हात रुंदीच्या वाटेनं बायकांच्या हातांवर चढत राहिला. नळ आणि न्हाणीघरं शक्य झाल्यावरही कित्येक मालकांनी ती बसवली नाहीत. पाणी आणून द्यायला माणूस आहे, मग भिंती कशाला फोडा?

इथे मुंबईकराला घराची आठवण होईल. शहरातल्या जुन्या इमारतींच्या पाठीला लोखंडी गोल जिने असत. काही अजून गंजत उभे आहेत. संडास साफ करणाऱ्यांनी पुढून यायचं नाही, त्या जिन्यानं वर चढायचं. बीडाचं लोखंड आणि नकाशा साहेबाच्या देशातले असतील. माणसाला मागून आणायचं हे मात्र आपल्याला साहेबाकडून शिकायची गरज नव्हती. फरक एवढाच की कोलशिलच्या मालकाला मोलकरणीच्या हातचं चालत होतं, फक्त ती दिसायला नको होती. इथे सावलीचीही अडचण होती. आजच्या टॉवरमध्ये कामवाल्या बाईला वेगळ्या लिफ्टनं जायला सांगतात, तेव्हा या दोन्ही परंपरा एकाच बटणावर बोट ठेवतात.

मागच्या जिन्याची एक शाखा राजवाड्यात वेगळ्याच दिशेनं फोफावली. दुसऱ्या चार्ल्सच्या व्हाइटहॉलमध्ये विल्यम चिफिंच हा ‘मागच्या जिन्याचा हुजऱ्या’ होता. हुद्द्याचंच नाव ते. राजाला गुपचूप भेटायला येणाऱ्या बाया आणि वकील त्याच्या हातून वर जायचे. त्याच्याशी सलोखा असणं हे मंत्र्याशी असण्यापेक्षा कधीकधी जास्त कामाचं ठरे.

आता वाड्यात परतू. अठराव्या शतकात एक मामुली वाटणारी वस्तू आली आणि तिनं घराचा नकाशा ताणला. ती म्हणजे घंटेची तार. तोवर नोकराला बोलवायचं तर हाक ऐकू जाईल इतक्या अंतरावर तो हवा. हातघंटी वाजवली तरी दाराबाहेर कुणी हवंच. शतकाच्या मध्यानंतर भिंतीतून तारा खेळवायची युक्ती रुळली. शेकोटीशेजारचा पट्टा ओढायचा, कोपऱ्याकोपऱ्यावर बसवलेल्या छोट्या तरफांवरून ताण पुढे जायचा, आणि तळघरातल्या बोळात रांगेनं टांगलेल्या घंटांपैकी एक हलायची. प्रत्येक घंटेखाली खोलीचं नाव. काहींना खाली लंबक लावलेला असे. घंटा थांबली तरी तो थोडा वेळ डुलत राहायचा, म्हणजे धावत आलेल्या पोरीला कुठून बोलावणं आलं ते कळावं. तार आली तसा नोकर दाराबाहेरून उठला आणि तळघरात गेला, तळघरातून वेगळ्या इमारतीत गेला. दूर ठेवण्याची इच्छा जुनीच होती; सोय आत्ता झाली.

केडल्स्टन हॉल याचा भव्य नमुना. डर्बीशरच्या कर्झन घराण्याचं हे घर १७५९ मध्ये सुरू झालं. ब्रेटिंगहॅम, मग पेन आणि शेवटी रॉबर्ट ॲडम असे तीन हात त्याला लागले. मधली इमारत निव्वळ देखाव्याची: वीस अलाबास्टर खांबांचं दालन, दिवाणखाने, चित्रं. तिच्या दोन बाजूंना कमानदार बोळांनी जोडलेल्या दोन लहान इमारती. एकीत कुटुंब राहायचं, दुसरीत मुदपाकखाना. ठरल्या होत्या चार, झाल्या दोन. चारही झाल्या त्या कलकत्त्यात. केडल्स्टनचाच आराखडा समोर ठेवून कॅप्टन चार्ल्स वायट यानं १७९९ ते १८०३ या काळात गव्हर्नर-जनरल वेलस्लीसाठी गव्हर्नमेंट हाउस उभारलं, आणि शंभर वर्षांनी लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय होऊन आला तेव्हा आपल्याच बापजाद्यांच्या घराच्या नकलेत राहिला. बंगालच्या उकाड्यात चूल तिथे आणखी लांब ढकलली गेली. मुख्य इमारतीत ती नव्हतीच. जेवण गार होण्याचा हार्डविकचा वारसा तेवढा अबाधित राहिला.

चूल बाहेर गेली की तिच्यापर्यंत जायची वाट झाकायला हवी. मग जिन्याला भुयार फुटलं. ससेक्समधल्या पेटवर्थला नोकरांच्या इमारतीतून वाड्यात येणारं भुयार आहे. डर्बीशरच्या कॉक ॲबीला माळ्यांसाठी भुयार आहे. बागेला पाणी घालायला निघालेला माणूस हिरवळीवरून चालताना दिसू नये म्हणून. फुलं दिसावीत, माळी दिसू नये, याच्यापुढे काही मजल उरते का?

उरते. पण आधी त्याच ससेक्समधल्या अपपार्कला थोडं थांबायला हवं, कारण मागच्या जिन्यानं जग बघितलेला सर्वांत तल्लख मुलगा तिथला. टेकडीच्या माथ्यावर लाल विटांचा हा टुमदार वाडा सतराव्या शतकाच्या अखेरीस बांधला. मुदपाकखाना आणि तबेले बाजूच्या दोन इमारतींत, आणि तिथून वाड्याच्या तळघरात येणारी भुयारं, वर जमिनीतून काढलेल्या झरोक्यांनी उजेड येणारी. १८८० ते १८९३ या काळात इथे सॅरा वेल्स ही बाई हाउसकीपर होती. पूर्वी ती याच घरात दासी होती, मग लग्न करून गेली, नवऱ्याचं काचसामानाचं दुकान चालेना, तेव्हा पुन्हा आली. तिचा मुलगा हर्बर्ट जॉर्ज कापडदुकानातल्या उमेदवारीला विटून अधूनमधून आईकडे येऊन राहायचा. तळघरात नोकरांबरोबर जेवायचा, माळ्यावर झोपायचा, आणि माळ्यावर टाकून दिलेल्या जुन्या पुस्तकांत त्याला प्लेटो आणि गलिव्हर सापडले. मधले मजले त्याचे नव्हते. १८९५ मध्ये त्यानं ‘टाइम मशीन’ लिहिली. तिच्यात भविष्यातली माणूसजात दोन तुकड्यांत फाटली आहे: उन्हात खेळणारे नाजूक, निरुद्योगी लोक आणि जमिनीखाली यंत्रं चालवणारे, झरोक्यांच्या विहिरींतून रात्री वर येणारे मॉरलॉक. अपपार्कच्या भुयारांशी त्याचा संबंध अभ्यासक जोडत आले आहेत. १९०९ च्या ‘टोनो-बंगे’त तर वेल्सनं हा वाडा नाव बदलून उघडच उभा केला.

याच घराची दुसरी एक गोष्ट सांगतात. सॅरा वेल्सच्या कितीतरी आधीची. मालक सर हॅरी फेदरस्टनहॉ. तारुण्य मजेत घालवलेला, सत्तरी उलटलेला, अविवाहित. एक दिवस त्याला दूधघरातून गाणं ऐकू आलं. गाणारी मेरी ॲन बुलक, तिथली विशीतली कामकरी मुलगी. त्यानं दारात उभं राहून तिला लग्नाची मागणी घातली. ती गांगरली. तो म्हणाला, आत्ता उत्तर देऊ नकोस. मान्य असेल तर आज जेवणाला येणाऱ्या मटणाच्या तंगडीतला एक काप कापून ठेव. त्या संध्याकाळी भुयारातून आणि मागच्या वाटेनं तंगडी वर आली, आणि तिच्यात एक काप कमी होता. कापाची कथा कुणी रंगवली असेलही. लग्न मात्र १८२५ मध्ये खरोखर झालं, आणि १८४६ मध्ये सर हॅरी वारल्यावर सगळी जहागीर मेरी ॲनला मिळाली. तिच्यानंतर ती तिच्या बहिणीकडे गेली, आणि या बहिणीनंच सॅरा वेल्सला परत बोलावलं होतं. म्हणजे सॅरा खाली ज्यांची चाकरी करत होती त्या वरच्या मजल्यावरच्या बाई जन्मानं खालच्याच होत्या. मजले तसेच राहिले.

व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात या सगळ्याचं शास्त्र झालं. रॉबर्ट कर या वास्तुकारानं १८६४ मध्ये ‘द जंटलमन्स हाउस’ हे जाडजूड पुस्तक काढलं. त्याच्या मते सभ्य गृहस्थाच्या घरात दोन समाज राहतात, कुटुंब आणि नोकर, आणि सीमेच्या एका बाजूला काय चाललं आहे ते दुसरीकडे दिसू नये, ऐकूही जाऊ नये. ‘टाइम्स’चे मालक जॉन वॉल्टर यांच्यासाठी त्यानं बांधलेलं बेअर वुड त्याच तत्त्वाचं. मोठ्या घरांत आता मागचा जिनाही एक पुरेना. मोलकरणींचा वेगळा, पुरुष नोकरांचा वेगळा, अविवाहित पाहुण्यांचा वेगळा. सीमेवर एक दार, त्याला हिरवी बनात ठोकलेली आणि कडेनं पितळी चुका. बनातीनं आवाज मुरायचा आणि कोबीचा वास अडायचा. १८९१ च्या सुमारास घरकाम करणाऱ्या बायका दहा लाखांहून जास्त होत्या. त्यातल्या बहुतेक जणी वाड्यात नव्हे, मध्यमवर्गीयांच्या घरी एकट्या राबत होत्या. त्या घरांनाही मागचा जिना हवा असे, जागा पुरली तर.

नोकर पुरुष मात्र अजून दाखवायची वस्तू होता. १७७७ मध्ये अमेरिकेतल्या युद्धाच्या खर्चासाठी पुरुष नोकरांवर माणशी एक गिनी कर बसला. ज्याच्यावर कर, ती चैन. म्हणून फुटमन उंच निवडत, उंचीप्रमाणे पगार वाढे, केसांना पावडर, अंगाला किनखापी. तो पुढच्या जिन्यानं जाऊ शके. शेकोटी पेटवणारी मुलगी मालक उठायच्या आत येऊन जाई.

आणि बनातीच्या दारामागे काय होतं? बंधुभाव असेल असं कुणाला वाटेल. मागे दुसरी उतरंड होती, पुढच्यापेक्षा कडक. नोकरांच्या जेवणघरात मटण संपलं की बटलर, हाउसकीपर, खासगी दासी हे वरचे नोकर उठत आणि गोड खायला ओळीनं हाउसकीपरच्या खोलीत जात. पाहुण्यांबरोबर आलेल्या नोकरांना त्यांच्या मालकाच्या नावानंच हाक मारत आणि मालकाच्या दर्जाप्रमाणे बसवत. ड्यूकचा माणूस बॅरनच्या माणसाच्या आधी. ग्रेट हॉलमधला उंचवटा नाहीसा झाला असं आपण म्हटलं खरं. तो तळघरात जाऊन बसला होता.

उरलेली मजल गाठली पोर्टलंडच्या पाचव्या ड्यूकनं. नॉटिंगहॅमशरमधल्या वेलबेक ॲबीत त्यानं मैलोन्‌मैल भुयारं खोदली, जमिनीखाली प्रचंड नृत्यशाळा बांधली, तिथे कधी नाच झाला नाही. नोकरांनी आपल्याला पाहू नये, पाहिलं तर न पाहिल्यासारखं करावं, ही त्याची ताकीद. हुकूम चिठ्ठ्यांवर. तो १८७९ मध्ये वारला. दोनशे वर्षं नोकरांना ढकलत ढकलत जमिनीखाली नेलं, आणि शेवटी भुयारात जाऊन लपला तो मालक. त्याच्या विक्षिप्तपणावर इंग्रज लेखक हसतात. मला वाटतं, प्रॅटचं वाक्य त्यानं फक्त उलटं वाचलं.

पुढचा उतार झपाट्याचा आहे. पहिल्या महायुद्धात मुली दारूगोळ्याच्या कारखान्यांत गेल्या आणि परत वाड्यांत यायला तयार होईनात. वारसाकर वाढला. दुसऱ्या महायुद्धात वाड्यांत पलटणी आणि शाळा येऊन राहिल्या. नोकरांशिवाय ही घरं चालवताच येत नव्हती. ती त्यांच्याभोवतीच बांधली होती. १९५० च्या दशकात घरामागून घर पडलं. १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात पाडलेल्या वाड्यांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा ही संख्या पाहून लोक हादरले. बरीच घरं जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे गेली. हार्डविक १९५९ मध्ये. अपपार्क ट्रस्टकडे असतानाच १९८९ मध्ये जळालं, पण ते कोलशिलसारखं सोडून दिलं नाही. सहा वर्षं खपून जसंच्या तसं उभं केलं.

ट्रस्टच्या लक्षात एक गोष्ट लवकर आली. लोक खांब आणि चित्रं भराभर ओलांडतात आणि मुदपाकखान्यात, घंटांच्या रांगेखाली रेंगाळतात. येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या पणज्या त्याच घंटांना धावलेल्या. सीमेपलीकडे वेल्समध्ये एर्डिग हा वाडा १९७७ मध्ये खुला झाला, तेव्हा पाहुण्यांनी आत शिरायचं ते नोकरांच्या बाजूनं, अशीच वाट आखली. ‘डाउन्टन ॲबी’ या मालिकेनं तर तळघराला दिवाणखान्याइतकाच वेळ दिला. तिचे वरचे मजले चित्रित झाले हॅम्पशरच्या हायक्लेअर कासलमध्ये; नोकरांचं जग मात्र लंडनच्या ईलिंग स्टुडिओत सेट लावून उभं करावं लागलं. थाळी घेतलेला फुटमन मागच्या जिन्यानं निघतो तो ईलिंगहून, आणि भोजनगृहात पोचतो हॅम्पशरमध्ये.